एका ओळीपुरती फट

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या प्राचार्या, व्यासपीठावरचे संस्थेचे सन्माननीय विश्वस्त, सर्व प्राध्यापकवर्ग, कार्यालयातले माझे वडीलधारे सहकारी, एरवी खिडकीबाहेर उभे राहणारे आणि आज बसायला खुर्ची मिळालेले विद्यार्थी, आणि स्वतःबद्दल चार शब्द ऐकून घेण्याची शिक्षा ज्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत आज पहिल्यांदाच होते आहे, त्या आमच्या रेकॉर्ड विभागाच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

निरोपाचं भाषण स्तुतीने सुरू करायचं असतं, असं मला तीन जणांनी सांगितलं. माझी सुरुवात मात्र एका दुरुस्तीने होणार आहे. तसं मी प्राचार्यांना गुरुवारी लेखी कळवलं आहे आणि त्यांची परवानगी घेतली आहे, म्हणजे कोणाला मध्येच मला थांबवण्याची तसदी पडू नये.

विद्यार्थ्याची नोंद त्याच्या संमतीशिवाय कोणाला दाखवू नये, असा नियम बाईंनी मागितला होता; त्यासाठी गेल्या महिन्याच्या बारा तारखेला नियम समितीपुढे मी एक निवेदन दिलं. त्यात मी म्हणाले होते, "सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीचा निकाल मागायला खिडकीवर आले. बाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला, धमक्या दिल्या आणि निघून गेले." हे इतिवृत्तात आलं आहे. हे चूक आहे. ते गृहस्थ ओरडले नव्हते. त्यांनी धमकी दिली नव्हती. आणि ते लगेच निघूनही गेले नव्हते. हे मला नक्की माहीत आहे, कारण ज्या मुलीचा निकाल ते मागत होते ती मुलगी मीच, आणि ते गृहस्थ माझे वडील.

बाईंच्या हाताखाली तीन वर्षं काम केलेल्या माणसाला खोडाखोड करता येत नाही. आमच्या विभागात नोंद चुकली तर ती गिरवून काळी करत नाहीत. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर काय ते लिहायचं आणि बाजूला आपली सही करायची. तर माझ्या त्या दोन वाक्यांवर मी आज रेघ मारते आहे. आता वर काय लिहायचं, ते सांगते.

त्याआधी बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी पुठ्ठ्याची गोष्ट सांगायला हवी. कॉलेजात सगळ्यांना ती पाठ आहे, पण विश्वस्तांनी ती अर्धीच ऐकली असेल.

आपल्याकडे निकालाचं एक मोठं रजिस्टर असतं. एका पानावर तीस विद्यार्थी, प्रत्येकाची एक ओळ. गुणपत्रक घ्यायला आलेल्या मुलाने आपल्या ओळीसमोर सही करायची. म्हणजे सही एका ओळीपुढे आणि डोळे तीस ओळींवर. रांगेतले मागचे तर टाचा उंचावून वाचत. फार वर्षांपूर्वी अशाच एका मुलीचे गुण तिच्या मागच्याने मोठ्याने वाचून दाखवले आणि रांग हसली. ती मुलगी पुन्हा कॉलेजात आली नाही. ती कोण, कोणत्या वर्षाची, हे मी बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला जावक नोंदवही आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, पट्टी लावून ब्लेडने त्यात एक फट कापली. लांबी पानाच्या रुंदीएवढी, उंची बरोबर एका ओळीएवढी. तो पुठ्ठा रजिस्टरवर ठेवायचा आणि ज्याची त्याची ओळ फटीत आणून द्यायची. संपलं. यंत्र नाही, परिपत्रक नाही. फक्त एवढ्याने रांगेला पाचऐवजी पंधरा मिनिटं लागायला लागली आणि सगळं कॉलेज चिडलं.

त्याच काळात आपल्या गणिताच्या सरांनी पुतण्याचे गुण विचारले. सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आत्ताच हसायला लागले आहेत, तेव्हा मी हे सांगायला हरकत नसावी. बाई म्हणाल्या, पुतण्याची चिठ्ठी आणा. सर म्हणाले, अहो, पेपर मीच तपासलाय. बाई म्हणाल्या, मग तुम्हाला माहीतच असेल. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी बाईंना 'पुठ्ठाबाई' हे नाव दिलं, आणि सर, आपल्या सगळ्या संशोधनापेक्षा ते जास्त टिकलं.

आता माझी ओळ.

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे बाबा फरश्या बसवतात. त्यांना सही येते, वाचता येत नाही. मी बारावी झाले तेव्हा घरात बैठक बसली. मोठे काका शिलाईचा कारखाना चालवतात, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते म्हणाले, शिकू दे पोरीला, माझी ना नाही, पण एकदा जरी नापास झाली तरी दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे मशीनवर. बाबांनी मान्य केलं. आणि माझे बाबा दिलेला शब्द पाळतात. हा त्यांचा गुण मला तेव्हा फार महागात पडणार होता.

मी पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात नापास झाले. शंभरपैकी सत्तावीस. फेरपरीक्षा दोन महिन्यांनी होती. घरी सांगितलं की निकाल अजून लागायचाय. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं खोटं, आणि ते मला नीट जमलं नाही, कारण शेजारच्यांच्या मुलीचे पेढे त्याच संध्याकाळी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी फेरपरीक्षेचा अर्ज भरायला आले, तर खिडकीपुढच्या रांगेत बाबा. कामाचे कपडे, गुडघ्यांवर सिमेंट वाळलेलं. पुढेमागे विशीतली मुलं. मी सूचनाफलकाच्या खांबामागे गेले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

त्यांचा नंबर आला. ते म्हणाले, "ताई, माझ्या मुलीचा निकाल बघायचाय. मला वाचता येत नाही, तेवढं तुम्हीच वाचून सांगा."

बाईंनी विचारलं, मुलीला अठरा पूर्ण झाली का. झाली, बाबा म्हणाले. मग तिची लेखी चिठ्ठी आणा, नाहीतर तिलाच विचारा.

"अहो, मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच, दादा. तुम्ही बाप आहात, म्हणून ती तुम्हाला सांगू शकते. मी तिची कोणीच नाही, म्हणून मी सांगू शकत नाही."

समितीपुढे मी जिथे आरडाओरडा घातला, ती जागा ही. प्रत्यक्षात काय झालं? बाबा रांगेतून निघाले. मग बाजूच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, आता हे रांग संपेपर्यंत बसतील आणि पुन्हा विचारतील. तेही झालं नाही. ते खाली बघत होते. खिडकीसमोरच्या तीन फरश्या तेव्हा हलत असत. आपल्यातले बरेच जण तिथे अडखळले असतील. बाबा बसल्या जागेवरून पायाने एकेक फरशी दाबून बघत होते. मग उठले आणि गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, शिपाईकाकांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. ते समोर उभे आहेत, त्यांना विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी बाबा थापी, सिमेंट आणि रबरी हातोडा घेऊन हजर. शिपाईकाकांना म्हणाले, बादलीभर पाणी द्या. तासाभरात तिन्ही फरश्या उचलून, खालचं सगळं खरवडून, पुन्हा पातळीत बसवल्या आणि भोवती दोरी बांधली, दिवसभर कोणी पाय देऊ नये म्हणून. बाई आल्या. त्यांनी फरशी पाहिली, माणूस पाहिला, आणि शिपाईकाकांना दोन चहा सांगितले. दोघांनी चहा घेतला. मग म्हणाल्या, "फरशी सुरेख बसली, दादा. फाईल मात्र बंदच राहील."

बाबा हसले म्हणे. "ताई, फाईलसाठी कुठे बसवली? पोरं अडखळत होती."

श्रोतेहो, या माणसाबद्दल मी समितीला सांगितलं की त्याने धमक्या दिल्या.

का सांगितलं? गेले तीन आठवडे मी स्वतःला हेच विचारते आहे. मला वाटतं, समोरच्या सात जणांचे चेहरे फार थंड होते. मला वाटलं, नुसत्या नकाराने त्यांना काही वाटणार नाही, नकार देणाऱ्याच्या समोर कोणीतरी गुंड हवा. मग मी गुंड उभा केला. घरात जो सगळ्यात गरीब स्वभावाचा, त्यालाच केला, कारण तिथे आठवत होता तोच.

पण माझ्या चुकीपेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे, आणि आज मी उभी आहे ती ती सांगण्यासाठी. मी हे खोटं बोलत होते तेव्हा बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांना तो दिवस माहीत होता, तो चहा माहीत होता, तो माणूस माहीत होता. तरी त्या गप्प राहिल्या. बाई, ज्या जावक क्रमांकातला एक आकडा चुकला तर मला जेवणाच्या सुट्टीतून परत बोलावतात. त्या गप्प का राहिल्या असतील? कारण 'असं झालं नव्हतं' एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या, तरी पुढचा प्रश्न आला असता की कोण होती ती मुलगी. माझी ओळ उघडी पडली असती. नियमासाठी भांडायला आलेली ही बाई, आपला मुद्दा पडला तरी चालेल म्हणून, तिथेसुद्धा पुठ्ठा धरून बसली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला एकच सांगितलं. "इतिवृत्त आलं की वाच. चूक असेल तर रेघ मार."

मुद्दा पडला नाही, हे आपण जाणताच. पण कसा जिंकला, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समितीचं म्हणणं होतं, आत्तापर्यंत काही बिघडलंय का? बाई सांभाळतातच की. मग आणखी एक नियम कशाला, आणखी एक फॉर्म कशाला? त्यावर बाई उभ्या राहिल्या. समितीपुढे उभं राहून बोलायची पद्धत नाही, पण त्यांना खिडकीची सवय.

त्या म्हणाल्या, "आपल्यापैकी पाच जण इथलेच विद्यार्थी. पाचही फायली माझ्याकडे आहेत. छत्तीस वर्षांत एकही कोणासाठी उघडली नाही. पण हा माझा स्वभाव झाला. महिनाअखेर मी जाणार, स्वभाव माझ्याबरोबर घरी येणार. फायली इथेच राहतील. कॉलेज माझ्या स्वभावावर चालवू नका, नियमावर चालवा."

खोलीत कोणीतरी खोकलं. कोण, ते मी सांगणार नाही. आणि मग पहिला हात वर झाला तो पुठ्ठाबाई हे नाव देणाऱ्या गणिताच्या सरांचा. त्यानंतर सहा. सातपैकी सात. सर, मी ते मोजलं आहे, त्यात संख्याशास्त्र फार लागत नाही.

तर परवापासून या कॉलेजात निकालाच्या फलकावर नावं नसतील, फक्त क्रमांक असतील. आईबाप असोत, भाऊ असो, नोकरी देणारा असो की लग्न ठरवणारा असो, अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची नोंद त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणाला दिसणार नाही. कोणी पाहिली तर कधी, कोणी आणि कशासाठी, हे फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलं जाईल, आणि ते पान विद्यार्थ्याला केव्हाही मागता येईल. आपली नोंद तो स्वतः वाचू शकेल, आणि चुकली असेल तर रेघ मारायला लावू शकेल. हे सगळं आता एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेलं नाही. हे छापलेलं आहे, त्यावर शिक्का आहे. बाई, तुम्ही जिंकलात. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ता वाजवा, नंतर मला जमणार नाही.

आभारी आहे.

माझं काय झालं, ते राहिलंच. बाबा खिडकीवर येऊन गेले त्या संध्याकाळी काकांनी त्यांना विचारलं, निकाल काय? बाबा म्हणाले, तिथे असं कोणालाही सांगत नाहीत. काका म्हणाले, बापालासुद्धा? बाबा म्हणाले, बापालासुद्धा, आणि हे अशा काही सुरात म्हणाले की जणू कॉलेज फार मोठं असल्याचं ते लक्षण. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या ऑफिसातल्या बाईंकडे तुझं जे काही असेल ते नीट आहे. मला निकाल विचारलाच नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. मी फेरपरीक्षेत एकसष्ट गुण मिळवले, पुढची दोन वर्षं निघाली, पदवी झाली आणि तीन वर्षांपूर्वी मी खिडकीच्या आतल्या बाजूला आले. ते सत्तावीस गुण नसते झाकले गेले, तर मी आज मशीनवर असते. मशीनचं काम वाईट नाही, माझ्या चुलतबहिणी ते करतात. पण ते मी निवडलेलं नसतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी बाईंचे आभार मानायला गेले. म्हटलं, बाई, तुम्ही माझं गुपित राखलंत. त्यांनी चष्मा काढला. "मी तुझं गुपित राखलं नाही. तुझा कागद तुझ्या हातात ठेवला. त्याचं काय करायचं ते तू बघ." आणि वर म्हणाल्या, स्वतःची फाईल स्वतः कपाटातून काढायची नाही, हवी असेल तर खिडकीबाहेर जाऊन रांगेत उभी राहा.

त्यानंतर तीन वर्षं झाली. मी काय बघितलं? काही नाही. कागद हातात धरून बसले. मुलांना सांगत राहिले की तुमची नोंद तुमची आहे, आणि माझी नोंद माझी आहे या आडोशाला स्वतः लपून राहिले. कोणी आपली ओळ बघू नये, हा हक्क आहे. पण ज्याला दाखवायची त्याला ती आपल्या हाताने दाखवता येणं, हाही त्याच हक्काचा भाग आहे, हे मला त्या इतिवृत्ताने शिकवलं. आपण ज्याच्यापासून लपलो त्याच्याबद्दल पुढे खोटंही बोलायला लागतो.

आता कोणी म्हणेल, मग हे आधी घरी का नाही सांगितलंस, दोनशे माणसांपुढे का? बाईही तेच म्हणतील, त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून दिसतंय. खरं सांगते, घरी तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा चहा हवा का विचारलं. इथे बोलले की माघार घेता येणार नाही, म्हणून इथे. आमच्या भागातलं कोणी सभागृहात नाही. मी निमंत्रितांची यादी दोनदा तपासली आहे. तरी आपल्या सगळ्यांकडे आता माझे सत्तावीस गुण आहेत. आज शनिवार. माझी लेखी संमती नसताना परवा सकाळपर्यंत ते कोणाला सांगू नयेत, ही विनंती. नवीन नियमाची आपल्या सगळ्यांची ही पहिली परीक्षा समजा.

बाई, तुमचा पुठ्ठा काल तुम्ही माझ्या टेबलावर ठेवून गेलात. हा चौथा आहे, पहिल्या तिन्हींच्या कडा झिजल्या. हाही झिजेल. मी पाचवा कापेन आणि फट एका ओळीपेक्षा केसभरही मोठी होऊ देणार नाही. तुम्हाला निवृत्तीत भरपूर झोप मिळो, आणि दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात डोकावायची मुभा मिळो, जी तुम्ही कधी घेतली नाहीत.

प्राचार्यांनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते बघायचं धाडस होत नाही. ऐकून घेतलंत, मध्ये हसलात, टाळ्यांची उधारी आगाऊ दिलीत, याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कोणाला काही लागलं असेल, माप कुठे चुकलं असेल, तर माझ्या त्या शब्दांवर एक रेघ मारा, पण जुनं वाचता येईल अशी मारा. मी खाली सही करते.

बाबांना मी निरोप दिला आहे की खिडकीसमोरची एक फरशी पुन्हा हलते आहे. ती खरंच हलते, मी स्वतः दाबून पाहिली. ते थापी घेऊन येतील, मी खिडकीबाहेर रांगेत उभी असेन, आणि नव्या संमतिपत्रांपैकी पहिलं मी भरेन: नोंद कोणाची, माझी, कोणाला दाखवायची, वडिलांना, आणि त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून मी दाखवेन, सत्तावीसपासून. सोमवार, तीन तारीख, सकाळी साडेदहा वाजता.